टेपच्या पोटात ब्लूटूथ

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नॅशनलचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला सेट, काउंटरवर पालथा पडला होता. मागचं झाकण काढलेलं, स्क्रू चहाच्या बशीत ठेवलेले. मिस्त्रींनी लाल वायरीचं टोक टेकवलं आणि १९८०च्या आगेमागे बनलेल्या त्या सेटमधून एक बाई खणखणीत इंग्रजीत बोलली, ब्लूटूथ जोडणीला तयार आहे म्हणून. सेटचे मालक दचकले. पन्नाशीचे गृहस्थ, सेट वडिलांनी कुवेतहून आणलेला. "ही दर वेळी अशीच बोलणार का?" त्यांनी विचारलं.

"स्वस्तातल्या किटमध्ये ती असतेच, साहेब," मिस्त्री म्हणाले. "चार-पाचशे जास्त घाला, न बोलणारं बसवतो."

अशी गिऱ्हाइकं आता नवलाची राहिलेली नाहीत. घर रंगवायला काढलं किंवा गावचं घर आवरायला घेतलं की माळ्यावरून सेट खाली येतो, ओल्या फडक्याने पुसला जातो आणि पिशवीतून गल्लीत येतो. कॅसेटी एकतर कुणाला देऊन झाल्या किंवा बुरशी धरून बसल्या. गाणी सगळी फोनमध्ये. मग एवढे मोठे स्पीकर रिकामे का ठेवायचे, असा लोकांचा हिशोब असतो आणि तो चुकीचा नाही. वाद आहे तो ब्लूटूथ बसवताना आतलं काय कापायचं याचा. या एका मुद्द्यावरून दुरुस्ती करणाऱ्यांत दोन तट आहेत. माझा तट कोणता, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही: काहीही कापू नये.

ब्लूटूथ आणि कॅसेट एकमेकांच्या जगातले वाटत नाहीत. पण दोन्हींमागे एकाच विद्यापीठातून बाहेर पडलेले डच इंजिनिअर आहेत. लू ओटेन्स डेल्फ्टला शिकले, फिलिप्समध्ये लागले आणि बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात त्यांच्या चमूने कॉम्पॅक्ट कॅसेट घडवली. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. यंत्र केवढं असावं हे ठरवायला ओटेन्सनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. (पुढे गाडीचं चाक बदलताना तोच जॅकखाली सरकवला आणि तिथेच राहिला, असा किस्सा सांगतात.) तीसेक वर्षांनी, डेल्फ्टलाच डॉक्टरेट केलेले याप हार्टसन स्वीडनमध्ये लुंडला एरिक्सन कंपनीत जवळजवळच्या दोन उपकरणांना वायरीशिवाय जोडायच्या खटपटीत होते. त्यातून ब्लूटूथ आलं. १९९८मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून त्याचा गट स्थापन केला. यातली तोशिबा स्वतः टू-इन-वन बनवून विकणारी कंपनी.

ओटेन्सना आपल्या कॅसेटचा भावनिक पुळका नव्हता, हेही सांगायला हवं. पुढे सीडीच्या कामात त्यांचा हात होता आणि आवाजाच्या बाबतीत सीडी सरस आहे असं ते उघड म्हणत. २०२१च्या मार्चमध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले.

फिलिप्सने साठच्या दशकात जपानी कंपन्यांना कॅसेटचं तंत्र रॉयल्टीशिवाय वापरू दिलं. सोनीचा त्यासाठी मोठा आग्रह होता. त्यानंतर रेडिओ आणि टेप एकाच खोक्यात घालण्याची जपानात चढाओढ लागली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही खोकी दोन स्पीकरांची झाली, मग चार, शार्पच्या जीएफ-७७७ला तर सहा. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या फुटपाथांवर ती खांद्यावरून मिरवली गेली आणि हिप-हॉप त्यांच्यावर वाढलं. स्पाइक लीच्या १९८९च्या 'डू द राइट थिंग'मध्ये रेडिओ रहीमच्या हातात असलेला प्रोमॅक्सचा सेट आज वॉशिंग्टनमध्ये, आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपल्याकडे टू-इन-वन खांद्यावर आला नाही. तो विमानाने आला, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर सुतळी बांधून. १९७३नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामं निघाली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड-चिपळूणपासून राजापूरपर्यंतची माणसं कुवेत, दुबई, सौदीला गेली. परत येताना टू-इन-वन आणायचाच. इथे परदेशी माल दुर्मीळ, मिळाला तर अव्वाच्या सव्वा भावाने. आलेला सेट ओटीवर टेबलावर बसायचा, त्यावर क्रोशाचं झाकण. घरात त्याला कुणी टू-इन-वनही म्हणत नसे, नुसतं टेप. "टेप लाव" म्हटलं की प्रल्हाद शिंदे लागायचे, नाहीतर दादा कोंडके. पुण्या-मुंबईकडच्या घरांत अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटींवरचे पु. ल. लागायचे. सेटच्या डायलवर एफएमची पट्टीही असायची, पण तिच्यावर लावायला काही नव्हतं. भारतात एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झालं आणि खासगी वाहिन्या यायला २००१ उजाडलं. तोवर कोकणातल्या घरांत ती पट्टी नुसती खरखरायची.

आता झाकण काढलेल्या सेटकडे येऊ.

या खोक्यात सिग्नलची वाट साधी असते. एकीकडून रेडिओचा सिग्नल येतो, दुसरीकडून टेपच्या हेडचा. दोन्ही एका निवडीच्या स्विचवर भेटतात. तिथून व्हॉल्यूम कंट्रोल, मग बास-ट्रेबल, मग पॉवरचा आयसी आणि स्पीकर. ब्लूटूथ म्हणजे या वाटेवर येणारा तिसरा पाहुणा. त्याला कुठून आत घ्यायचं, यात सगळी मेख आहे.

नवशिक्याला वाटतं, टेपच्या हेडच्या वायरींना जोडून टाकावं. पण हेडकडून येणारा सिग्नल मिलिव्होल्टच्याही अंशाएवढा असतो, आणि किटमधून येतात काहीशे मिलिव्होल्ट. शिवाय हेडच्या मागे बसलेला प्रीअँप कॅसेटच्या गरजेनुसार खर्ज उचलणारा असतो. तिथे किट जोडलं की लताबाईसुद्धा घागरीतून गायल्यासारख्या ऐकू येतात. सेटच्या मागे 'लाइन इन' असं लिहिलेली लाल-पांढरी भोकं असतील तर देवच पावला. बाहेरच्या बाहेर एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यायचा, वायर खोचायची, स्विच 'लाइन'वर टाकायचा. स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. मिस्त्री म्हणतात, निम्म्या लोकांना हे सांगून मी परत पाठवतो. खरंच पाठवतात का माहीत नाही, पण माझ्यासमोर एकाला पाठवलं.

युरोपी सेटांवर, म्हणजे ग्रुंडिग किंवा जुन्या फिलिप्सवर, त्या जागी पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. त्याला फार बारीक सिग्नलची सवय. वाटेत मोठा रेझिस्टन्स घातल्याशिवाय आवाज फाटतो.

न उघडता करायचे आणखी दोन उपाय बाजारात आहेत. एक, कॅसेटच्या आकाराचा ब्लूटूथ अडॅप्टर. पोटात बॅटरी, आणि टेपच्या जागी एक छोटं हेड, ते सेटच्या हेडला चिकटून सिग्नल देतं. कल्पना भारी, पण मोटार आणि बेल्ट उगाच फिरत राहतात, आणि कप्प्याचं हेड जरा तिरकं असेल तर सूर दबतो. दुसरा उपाय एफएम ट्रान्समीटरचा, गाडीत लावतात तसला. यात एक गंमत आहे. खास जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सेटांची एफएमची पट्टी ७६पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असते. आपल्याकडे मिळणारे ट्रान्समीटर ८८पासून १०८पर्यंत. दोघांची गाठ पडते ती जेमतेम दोन मेगाहर्ट्झमध्ये. लोक जुन्या बाजारातून हौसेने जपानी सेट आणतात आणि रेडिओ बिघडलाय म्हणून भांडायला जातात.

लाइन इन नसेल, तर मात्र झाकण काढावं लागतं. चांगला कारागीर रेडिओकडून स्विचकडे येणारी वाट शोधतो आणि तिथे एक स्विचवालं सॉकेट घालतो. पिन खोचली की रेडिओ आपोआप तुटतो आणि ब्लूटूथ सुरू होतं. पिन काढली की रेडिओ पूर्ववत. आणि हे सॉकेट बसवायचं कुठे? सेलच्या कप्प्यात. मोठे सेल आता कुणी घालत नाही. सहा-आठ सेल एकदम घ्यायचे म्हणजे खिशाला चाट. त्यामुळे तो कप्पा रिकामाच असतो. किट तिथे मावतं, झाकण लावलं की बाहेरून काही कळत नाही, कॅबिनेटला एकही भोक पडत नाही. उद्या कुणाला नको वाटलं तर दोन डाग सोडवायचे, सेट होता तसा.

इथवर सोपं आहे. त्रास पुढे सुरू होतो, आवाजाचा नव्हे तर आवाजामागच्या किटकिटीचा. किट सेटच्याच सप्लायवर चालवलं की गाणी थांबल्यावर बारीक 'टिर्रर्र, टिक, टिर्रर्र' ऐकू येतं. कारण असं, की ब्लूटूथ सलग करंट घेत नाही. ते पाकिटं पाठवतं आणि घेतं, आणि दर पाकिटाला करंटचा एक गचका ओढतं. तो गचका ज्या अर्थच्या वायरीतून परत जातो, त्याच वायरीतून गाण्याचा सिग्नलही फिरतो, आणि अँपला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यावरचा इलाज मिस्त्रींनी दाखवला: बी-०५०५ नावाचा चार पायांचा काळा तुकडा, जो पाच व्होल्ट घेऊन पाच व्होल्टच देतो. ऐकायला बिनकामाचा. पण आतल्या बारीक ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजूंच्या अर्थ वेगळ्या राहतात आणि किटकिट जाते. "हे न लावता सेट परत दिला ना, तर दुसऱ्या दिवशी फोन येतो," ते म्हणाले.

महागातल्या किटांची वेगळी तऱ्हा. डाव्या-उजव्या बाजूंना आपापली प्लस आणि मायनस असते आणि त्या दोन मायनस अर्थला जोडायच्या नसतात. दहापैकी नऊ जण जोडतात, आणि आवाज अर्ध्यावर येतो किंवा आयसी तापतो. तिथे फक्त प्लस घ्यायची, वाटेत एक कंडेन्सर घालून.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. सेटमध्ये नऊ किंवा बारा व्होल्ट, किटला हवेत पाच. ते उतरवायला जुना ७८०५ वापरता येतो. तो तापतो, पण गप्प राहतो. हल्ली त्याऐवजी एलएम-२५९६ची पट्टी लावतात, कारण ती तापत नाही. ती सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होते. म्हणजे १५० किलोहर्ट्झ, आणि तिच्या पटी ६००, ७५०, ९०० अशा थेट मीडियम वेव्हच्या पट्टीत येऊन पडतात. पुणे आकाशवाणी ७९२वर. एलएमची पट्टी रेडिओच्या काळ्या फेराइट कांडीजवळ बसवली, की ब्लूटूथ झकास वाजतं आणि आकाशवाणी मरते. मालकाला ते महिन्या-दोन महिन्यांनी कळतं, तेही सकाळी चुकून रेडिओ लावला तर. शॉर्ट वेव्हचं दुःख तसंही कमी झालंय. बीबीसी हिंदीनेही २०२०मध्ये शॉर्ट वेव्ह बंद केली. पण मीडियम वेव्हवर अजून बातम्या लागतात, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम लागतात. आपल्या हौसेपायी त्यांचा गळा दाबायचं कारण नाही. बारा व्होल्टाच्या सेटमध्ये ७८०५ वापरला तर अर्ध्या-पाऊण वॉटची उष्णता होते. ॲल्युमिनियमचा छोटा पत्रा लावला की भागतं.

हे सगळं करण्याआधी सेट मुळात धड हवा. चाळीस वर्षं माळ्यावर राहिलेल्या टेपचा बेल्ट बघावा. रबराची काकवी होऊन चाकांना चिकटलेली असते, आणि ती स्पिरिटने पुसून काढण्यात अर्धा दिवस जातो. लांब पट्टीचा रेकॉर्ड-प्ले स्विच काळा पडलेला असतो, त्यामुळे एक बाजू गायब किंवा शिट्टी. क्लीनर मारून तो पंधरा-वीस वेळा पुढेमागे केला की निम्मे बिघाड तिथेच मिटतात. आणि प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेजचा स्विच पाहावा. आखाती सेटांवर तो ११० आणि २२० असा असतो. सौदीत काही ठिकाणी ११०-१२७ व्होल्ट चालायचे, त्यामुळे तिथून आलेला सेट कधी कधी अजून तिथल्याच आकड्यावर असतो. इथे तसाच लावला की ट्रान्सफॉर्मर धूर सोडतो आणि मग ब्लूटूथचा प्रश्नच मिटतो.

आवाज कसा लागतो? चांगला लागतो. कॅसेटची सळसळ नाही, मोटार हलकी-जड झाल्यावर येणारा हेलकावा नाही. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकमध्ये सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत माल येतो, आणि या स्पीकरांना त्याहून जास्तीचा उपयोगही नाही. फोनचा आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त सेटवरून करावं, म्हणजे मीटरचे काटे नीट नाचतात. (नव्वदच्या दशकात खोक्यांवर हजार-हजार वॉट पीएमपीओ छापायची साथ होती. त्या आकड्यांवर विसंबून हॉल दणाणेल अशी आशा धरू नये. दहा वॉट खरे निघाले तरी पुष्कळ.) सिनेमा मात्र पाहू नये. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

आता दुसऱ्या तटाबद्दल. जुन्या बाजारात आणि हल्ली ऑनलाइनही 'रिस्टोअर केलेला' म्हणून एक सेट विकतात. कॅसेटचा कप्पा रिकामा, आतली मोटार, चाकं, हेड सगळं उपटून टाकलेलं, आणि कप्प्याच्या खिडकीत निळे आकडे दाखवणारं यूएसबी पॅनल चिकटवलेलं. वर हँडल, बाजूला चंदेरी जाळी, मधे जत्रेतल्या लाइटिंगचा तुकडा. मला ते पाहवत नाही. हे करणाऱ्या एका मिस्त्रीशी बोललो तेव्हा त्याचं म्हणणं रोखठोक होतं: "गिअर मिळत नाहीत. मिळाले तर बसवायला दोन दिवस. गिऱ्हाईक पाचशेच्या वर देत नाही. मग मी काय करू?" त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना. ज्या सेटचे प्लॅस्टिकचे दात झडलेत आणि ज्याचा जोडीदार सेट भंगारातही सापडत नाही, त्याचं मीही कदाचित हेच करेन.

पण चालू टेप उपटणं निराळं. टू-इन-वन हे नुसतं वाजवणारं यंत्र नव्हतं, ते रेकॉर्ड करणारं यंत्र होतं. पुढे दोन बारीक भोकं, आत माइक, आणि लाल बटण. घरात साधा माणूस स्वतःचा आवाज साठवू शकेल, असं हे बहुतेक घरांत आलेलं पहिलंच साधन. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी कॅसेट निघते, जिच्यावर कंपनीचं लेबल नसतं, पेनाने काहीतरी खरडलेलं असतं. कुणाचं बारसं, कुणाचं पाढे म्हणणं, आजोबांची शेजारती. आखातातल्या माणसांनी तर पत्रांच्या जागी कॅसेटी धाडल्या. फोन परवडायचा नाही, सगळ्यांना लिहिता येतच होतं असंही नाही. सुटीवर निघालेल्या गाववाल्याच्या बॅगेत कॅसेट टाकायची, घरचे ऐकायचे, त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला उत्तर बोलायचे.

तपकीर गल्लीतल्या त्या गृहस्थांना मिस्त्रींनी कॅसेट वाजवून दाखवायला सांगितलं, टेप चालतो का बघायला. त्यांनी आणलेलीच नव्हती. घरी आहेत का? आहेत, म्हणाले, वडिलांच्या, बारा-पंधरा. ऐकल्यात? ऐकणार कशावर, म्हणाले, बेल्ट तुटलाय ना. ते केवळ ब्लूटूथसाठी आले होते. बेल्टचे वेगळे पैसे सांगितल्यावर थोडे घुटमळले, मग हो म्हणाले. मिस्त्रींनी सांगितलं, कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची दोन नखं आधी मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वरचं पुसलं जाणार नाही. आणि तासाभराची चालेल, पण नव्वदची लावू नका. तिची टेप पातळ असते, गुंडाळते.

रेडिओच्या वाटेवर ब्लूटूथ जोडण्याचा एक फायदा कापाकापी करणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. सेट रेडिओवरून रेकॉर्ड करू शकतो, म्हणजे त्या वाटेने आलेलं काहीही रेकॉर्ड करू शकतो. हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करणारा एक तरुण शनिवार-रविवार हौसेखातर असे सेट दुरुस्त करतो. त्याने आजीच्या सॅन्योत किट घातलं ते तिने फोनवरून ऐकावं म्हणून नाही. तिला फोन जमत नाही आणि जमवायचाही नाही. टेपची पाच बटणं मात्र अंधारातही सापडतात. म्हणून तो स्वतः फोनवरची भजनं ब्लूटूथने सेटवर सोडतो, लाल बटण दाबतो आणि कॅसेट भरून देतो. कोऱ्या कॅसेटी अजून बनतात, अमेरिकेत मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्डला एक कंपनी आहे, फ्रान्समध्ये एक. पण त्या मागवणं परवडत नाही, म्हणून तो जुन्या बाजारात सीलबंद जुना माल धुंडाळतो. सुरुवातीला मधेच फोन आला की रिंगटोनही कॅसेटवर भरला जायचा, आता आधी फोन विमानात बसल्यासारखा बंद करून मग ब्लूटूथ तेवढं चालू करतो. आजीची तक्रार एकच होती: तीस मिनिटांनी बाजू संपते, खटका पडतो आणि अभंग अर्ध्यात तुटतो. त्यामुळे हल्ली तो आधी कागदावर मिनिटांची बेरीज करतो आणि एकोणतीसच्या आत बसेल तेवढंच भरतो.